बोटीतला पाण्याचा जोड : बुजवावा, आवळावा की टाळावा?

घरी बांधलेल्या छोट्या होडीत पाण्याचे नीरम, म्हणजे बॅलास्ट, बसवायला सामग्री फार लागत नाही. तळाशी एक-दोन टाक्या, एक पंप, काही मीटर नळी आणि दोन-तीन व्हॉल्व्ह पुरतात. हवे तेव्हा समुद्राचे पाणी आत घ्यायचे, नको तेव्हा बाहेर सोडायचे. अडचण येते ती नळी जिथे कशाला तरी जोडली जाते तिथे. त्या जोडाला काय लावावे, किती आवळावे, तो कायमचा करावा की सुटा ठेवावा, यावर होडी बांधणारे, प्लंबर आणि इंजिन मेकॅनिक यांची मते वर्षानुवर्षे वेगळी आहेत. त्या मतांची मांडणी करून, त्यांतले काय ठरले आहे आणि काय अजून ठरायचे आहे, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

डहाणू-तलासरीच्या बाजूने हा प्रश्न पाहायला कारण आहे. किनाऱ्यावर झाई, डहाणू, धाकटी डहाणू, वरोर, वाढवण ही मच्छीमारांची गावे. तिथल्या बोटींत पाण्याचे नीरम सहसा नसते. बर्फ, जाळी आणि मासळी यांचेच वजन पुरते. पण इंजिन थंड ठेवणारे पाणी आणि तळात साचलेले पाणी उपसणारा पंप यांच्यामुळे नळीचे जोड तिथेही आहेतच. किनाऱ्यापासून आत कैनाडसारख्या गावांत शेतीपंप, ठिबक आणि काळा पॉलिपाईप. बाजारात दोघांसाठी मिळणारा माल बराचसा एकच. होज निपल, क्लिप, टेफ्लॉन टेप, टँक निपल हे शेतकरी घेतो आणि हौसेने होडी बांधणाराही घेतो. वाडीत जे चालते ते बोटीत चालेल का, हा म्हणूनच इथला खरा प्रश्न आहे.

दगडापासून पाण्यापर्यंत

शिडाच्या गलबतांच्या काळात रिकाम्या जहाजाच्या तळात दगड किंवा वाळू भरत. माल चढला की ते काढून टाकत. लोखंडी आणि नंतर पोलादी जहाजे आल्यावर एकोणिसाव्या शतकात दगडांची जागा पाण्याने घेतली, कारण पंप चालवला की काम होते, मजूर लागत नाहीत. छोट्या शिडाच्या बोटींत ही कल्पना बरीच उशिरा रुजली. फ्रेंच दर्यावर्दी एरिक ताबार्ली यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते टोकियो ही एकट्याने करायची शर्यत जिंकली, ती ‘पेन दुइक पाच’ या बोटीने. तिच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या होत्या आणि वाऱ्याकडच्या बाजूची टाकी भरून बोट सरळ ठेवता येत होती. त्यानंतर ट्रेलरवर नेता येणाऱ्या हलक्या बोटींत पाण्याचे नीरम रूढ झाले: रस्त्यावर रिकामी, पाण्यात भरलेली.

पाण्याच्या नीरमात असा एक धोका आहे, जो दगडात नव्हता. पाणी हलते. अर्धवट भरलेली रुंद टाकी बोट कलली की सगळे पाणी खालच्या बाजूला नेते आणि कल वाढवते. म्हणून टाकी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवावी, आणि रुंद टाकी असेल तर मधोमध उभी भिंत घालावी, याबद्दल कुठेही दुमत नाही. एका भिंतीने टाकीचे दोन समान भाग केले, तर हा दुष्परिणाम चौथ्या हिश्शावर येतो. हलणारे वजन काय करू शकते, हे डहाणूकरांना वेगळ्या आणि दुःखद प्रसंगातून ठाऊक आहे. १३ जानेवारी २०१८ रोजी इथल्या समुद्रात विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटली आणि विद्यार्थिनींचे प्राण गेले. बोटीत गर्दी होती आणि मुले एका बाजूला जमली होती, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. तिथे नीरमाचा संबंध नव्हता. पण नळीचा जोड गळून टाकी नकळत अर्धी झाली, तर तीही असेच हलणारे वजन होते. जोड घट्ट असण्याचे महत्त्व केवळ पाणी वाया जाण्यापुरते नाही, ते यासाठी.

फटी बुजवण्याची जुनी विद्या

पश्चिम किनाऱ्यावर पाणी अडवण्याचे ज्ञान नळीच्या आधी फळीचे आहे. दोन फळ्यांच्या कडा खाच पाडून एकमेकींत बसवायच्या आणि मध्ये राळ, तेल व कापूस दाबायचा, ही मुंबईच्या गोदीतली जुनी पद्धत. वाडिया सुतारांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली आणि आज ती इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. त्याहून जुनी पद्धत फळ्या काथ्याने शिवण्याची. गोव्यात तशी शिवून बांधलेली आणि राळेने बुजवलेली ‘कौंडिण्य’ २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झाली.

या परंपरेची कसोटी लागलेला एक प्रसंग मुंबईशी जोडलेला आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ‘सुहैली’ ही सागवानी बोट मुंबईत बांधून घेतली. १९६८ मध्ये ते तिच्यातून एकट्याने, कुठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि अटलांटिकमध्येच तळाजवळची फळीची फट गळू लागली. त्यांनी पाण्यात बुडी मारून फटीत कापूस भरला, वर कॅनव्हासची पट्टी खिळ्यांनी ठोकली आणि ती तांब्याच्या पत्र्याने झाकली. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, ते इंग्लंडला पोचले.

हे सांगण्याचे कारण असे की ‘फट दिसली की भर’ ही सवय आपल्या कारागिरांत याच परंपरेतून आली असावी, आणि फळीच्या बाबतीत ती बरोबरच आहे. लाकूड पाण्याने फुगते, कापूस दाबला जातो, फट आपोआप आवळते. रबरी किंवा पीव्हीसी नळी तशी वागत नाही. पहिला वाद इथून सुरू होतो.

नळी आणि निपल

एक मत असे: निपलला सिलिकॉन, एम-सील किंवा सफेदा लावून वर नळी चढवावी आणि मग क्लिप आवळावी. दुहेरी बंदोबस्त. लोखंडी पाईपच्या कामात वाढलेले प्लंबर हेच सांगतात, आणि जुन्या, झिजलेल्या निपलवर किंवा मापात नीट न बसणाऱ्या नळीवर याने तात्पुरते पाणी थांबते, हे खरेच आहे.

दुसरे मत असे: कंगोरे असलेल्या निपलला कसलाच लेप नको. नळीच्या आतली भिंत कंगोऱ्यांवर दाबली जाते, त्या दाबानेच पाणी अडते. ओला लेप नळी आणि निपल यांच्यामध्ये वंगणाचे काम करतो आणि क्लिप आवळताना नळी मागे सरकते. लेप वाळला की नळी काढता येत नाही, कापावी लागते. नळी चढत नसेल तर तिचे टोक गरम पाण्यात धरावे, थोडे साबणाचे पाणी लावावे. तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण ते तिथेच राहते.

बोटींच्या कामात आज दुसऱ्या मताकडे स्पष्ट कल आहे, आणि मला तो योग्य वाटतो. ज्या जोडाला लेप लागतो तो जोड बहुधा चुकीच्या मापाचा असतो. सव्वा इंची निपलवर दीड इंची नळी चढवून उरलेली जागा भरण्यापेक्षा योग्य मापाचा निपल घेणे स्वस्त पडते.

मग प्रश्न क्लिपचा. ब्रिटिश नौदलातले अधिकारी लमली रॉबिन्सन यांनी १९२१ मध्ये स्क्रूने आवळायच्या क्लिपचे पेटंट घेतले. आपल्याकडे मेकॅनिक तिला जुबली क्लिपच म्हणतात. बाजारातल्या स्वस्त क्लिपांच्या पट्टीला आरपार चिरा असतात. जोरात आवळले की नळीचे रबर त्या चिरांतून वर येते आणि कापले जाते. चिरा नसलेली, फक्त खाचा उठवलेली पट्टी नळीला सांभाळते. दुसरी गोष्ट स्क्रूची. पट्टी स्टेनलेस असली तरी स्क्रू पुष्कळदा साध्या पोलादाचा, वर मुलामा दिलेला असतो, आणि खाऱ्या हवेत आधी तोच गंजतो. खरेदी करताना चुंबक लावून पाहावे. स्क्रूला जोरात चिकटला तर ती क्लिप समुद्रासाठी नाही. स्टेनलेसमध्येही ३०४ पेक्षा ३१६ प्रतीचे पोलाद खाऱ्या पाण्यात जास्त टिकते.

पाणरेषेखाली प्रत्येक टोकाला दोन क्लिपा, त्यांचे स्क्रू परस्परविरुद्ध बाजूंना, ही जुनी शिस्त आहे. तिच्यावरही आक्षेप आहे: निपल आखूड असेल तर दुसरी क्लिप निपलच्या टोकापलीकडे बसते आणि नळीला आत चेपते, म्हणजे फायद्याऐवजी तोटा. याचे उत्तर दोन्ही बाजूंना मान्य होण्यासारखे आहे. निपल लांब असेल तर दोन, आखूड असेल तर एकच पण चांगली, आणि शक्य असेल तर आखूड निपल बदलावा.

एका बाबीकडे फार कमी लक्ष दिले जाते. पारदर्शक पीव्हीसी नळी दाबाखाली हळूहळू दबत जाते. आज घट्ट आवळलेली क्लिप काही दिवसांनी ढिली झालेली असते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तर लवकरच. जाड भिंतीची, आत धाग्याची वीण असलेली रबरी नळी यात बरीच सरस.

आटे आणि टेप

आट्यांच्या जोडात भर घालावी लागते, यावर एकमत आहे. वाद आहे तो कशाची, याचा. सफेदा आणि अंबाडीचा धागा ही जुनी जोडी धातूच्या निमुळत्या आट्यांवर आजही उत्तम काम देते. टेफ्लॉन टेप स्वच्छ आणि झटपट. पण प्लास्टिकच्या बाहेरच्या तुकड्यात, टेपचे जाड वेटोळे दिलेला धातूचा निपल पान्याने आवळला तर तो तुकडा उभा चिरतो, आणि चीर अनेकदा आवळताना दिसत नाही, महिन्याने दिसते. टेप मोजकी, हाताने घट्ट करून वर थोडासाच पाना, आणि जमेल तिथे आतला तुकडा प्लास्टिकचा व बाहेरचा धातूचा, हा उलटा क्रम सुरक्षित.

परदेशातून आणलेले किंवा मागवलेले बोटीचे सुटे भाग वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. आपल्याकडचे पाईपचे आटे ब्रिटिश पद्धतीचे, ५५ अंशांचे. भारतीय मानक आयएस ५५४ त्याच घराण्यातले आहे. अमेरिकी आटे ६० अंशांचे. अर्धा आणि पाऊण इंची मापांत दोन्हींचे इंचाला १४ आटेच असतात, त्यामुळे एकात दुसरा काही फेरे सहज जातो आणि बसला असे वाटते. तो बसलेला नसतो. इथे कितीही टेप गुंडाळली तरी गळती थांबवता येत नाही. जुळणारा अडॅप्टरच हवा.

टाकीचे आणि तळाचे भोक

सर्वांत जास्त फसवणूक टाकीवर होते. हौशी बांधणारा निळा प्लास्टिकचा ड्रम किंवा पाण्याची लहान टाकी आणतो, भोक पाडतो, टँक निपल बसवतो आणि भोवती एम-सील थापतो. हे प्लास्टिक पॉलिथिन असते. त्याला एपॉक्सी चिकटत नाही, सिलिकॉन चिकटत नाही, बाजारातला कुठलाही साधा गोंद धरत नाही. काही दिवस चिकटल्यासारखे दिसते आणि बोट चार वेळा आपटली की पापुद्र्यासारखे निघून येते. पॉलिथिनला दोनच मार्ग आहेत: रबरी वॉशर सपाट जागी दाबून बसवणे, किंवा गरम हवेने प्लास्टिक वितळवून जोडणे. वॉशर टँक निपलच्या रुंद कडेखाली यावा, फिरणाऱ्या नटाखाली नाही. नट फिरताना वॉशर ओढला जाऊन मुडपतो.

फायबरच्या किंवा प्लायवुडच्या तळाचे भोक वेगळे. तिथे लेप हवाच. पॉलियुरेथेन फार घट्ट धरते, इतके की पुढे तो भाग काढताना फायबरचा थर सोबत निघतो. म्हणून काही बांधणारे ते मुद्दाम निवडतात आणि काही मुद्दाम टाळतात. पॉलिसल्फाइड लवचीक आणि पाण्याखाली टिकाऊ, पण पीव्हीसी, अॅक्रिलिक अशा काही प्लास्टिकांना ते खाते. सिलिकॉन स्वस्त आणि हाताशी मिळणारे, पण एकदा लागले की त्या जागेवर पुढे रंग किंवा रेझिन नीट धरत नाही. प्लायवुड असेल तर भोकाची आतली कड आधी एपॉक्सीने पूर्ण बंद करावी, नाहीतर जोड टिकतो आणि लाकूड कुजते.

धातूच्या निवडीत पितळाचा प्रश्न आहे. शेतीच्या दुकानातला पितळी व्हॉल्व्ह विहिरीच्या पाण्यात वर्षानुवर्षे चालतो. समुद्राच्या पाण्यात पितळातले जस्त हळूहळू निघून जाते आणि गुलाबीसर, ठिसूळ तांबे मागे राहते. बाहेरून आकार तसाच दिसतो. कांशाचे किंवा काचतंतू घातलेल्या नायलॉनचे भाग यासाठी सुचवले जातात, आणि ते महाग असतात. एवढा एक खर्च मात्र वाचवू नये. पाणरेषेखाली अर्ध्या मीटरवर एक इंची भोक उघडे राहिले तर सुरुवातीला मिनिटाला जवळपास ५५ लिटर पाणी आत येते, म्हणजे तासाला तीन टनांहून जास्त.

जोडच नको म्हणणारे

तिसरा पक्ष या सगळ्या चर्चेपासून दूर राहतो. त्यांचे म्हणणे, घरगुती होडीच्या तळाला भोक पाडूच नये. बुडवायचा पंप होडीच्या काठावरून समुद्रात सोडावा, नळी काठावरूनच टाकीच्या तोंडात घालावी, रिकामे करतानाही तसेच. किंवा पाणी भरलेले कॅन पट्ट्यांनी घट्ट बांधावेत. वाळूची पोतीही चालतात, फक्त ती हलू नयेत आणि ओली वाळू उपशाच्या पंपात जाऊ नये. काठावरून नेलेल्या नळीत एक धोका उरतो: पंप बंद केल्यावर पाणी उलटे वाहू शकते. नळीचा सर्वांत वरचा भाग पाणरेषेच्या बराच वर ठेवून तिथे हवा घेणारा लहान व्हॉल्व्ह लावला की तो टळतो.

पहिल्यांदा होडी बांधणाऱ्यासाठी हे मत सर्वांत सयुक्तिक आहे, असे माझे मत. मात्र चालत्या बोटीत वारंवार पाणी घ्यायचे-सोडायचे असेल, तर ते पुरे पडत नाही.

सक्शनच्या बाजूची हवा

इथे कैनाडच्या शेतकऱ्याचा अनुभव कामाला येतो. नीरमाच्या टाकीत पाण्याची उंची एक मीटर धरली तर दाब चौरस सेंटिमीटरला एक दशांश किलो. ठिबकमध्ये साधारण त्याच्या दहापट दाब असतो. म्हणजे दाबाच्या दृष्टीने शेतीचे जोड पुरून उरतात. तरीही ते बोटीत नापास होतात, कारण बोटीत कस दुसऱ्याच ठिकाणी लागतो.

विहिरीवरचा पंप ‘हवा घेतो’ म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. सक्शनच्या जोडातून बाहेर पाणी गळत नाही, आत हवा शिरते. जोड कोरडा दिसतो आणि पंप पाणी उचलत नाही. बोटीतही भरणाऱ्या पंपाच्या आधीचे जोड याच प्रकारचे. तिथे पाण्याची गळती शोधणारा चुकीच्या ठिकाणी शोधत राहतो. जोडावर साबणाचा फेस लावून तो आत ओढला जातो का पाहणे, ही वाडीतली रीत बोटीतही लागू पडते. सक्शनला चेपणारी साधी नळी चालत नाही, आत कडक वेटोळे असलेली हिरवी सक्शन नळी लागते, हेही शेतीनेच शिकवलेले. तिच्या बाहेरच्या नागमोडी पृष्ठभागावर साधी क्लिप मात्र नीट बसत नाही; टोकाचे वेटोळे सपाट करून किंवा सपाट टोकाचा तुकडा वापरूनच जोड घ्यावा.

टाकीला हवेची नळी नसेल तर कुठलाही जोड टिकणार नाही, हे याच प्रकरणात मोडते. भरताना हवा बाहेर जायला आणि उपसताना आत यायला वाट हवी. ती नसली की पंप टाकी फुगवतो किंवा चेपतो आणि दोष मात्र क्लिपला लागतो.

अजून न सुटलेले

कायमचा जोड की सुटा, हा वाद मिटलेला नाही आणि तो निव्वळ तांत्रिकही नाही. जो स्वतः दरवर्षी बोट उघडून पाहतो त्याला सुटा जोड हवा. जो पाहणार नाही त्याला कायमचा सुरक्षित वाटतो. नायलॉनचे भाग आपल्या उन्हात किती वर्षे टिकतात, याबद्दल बांधणाऱ्यांचे अनुभव परस्परविरोधी आहेत. टाकीऐवजी पाण्याच्या लवचीक पिशव्या वापरल्या तर जोड पिशवीसोबत हलतो, त्याला नळीइतकाच लवचीक आधार कसा द्यावा, याचे सर्वमान्य उत्तर नाही.

आणि एक प्रश्न जोडाच्या आत वाढणाऱ्या जिवांचा. नीरमाचे पाणी एका ठिकाणचे जीव दुसरीकडे नेते. जहाजांसाठी याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून अमलात आला. त्याआधी २००० पासून चाललेल्या जागतिक कार्यक्रमातल्या सहा प्रायोगिक बंदरांत मुंबई होते. परदेशातून आलेली काळपट पट्ट्यांची एक शिंपल्याची जात १९६७ मध्ये विशाखापट्टणमला आढळली आणि पुढे मुंबईतही. ती नळ्या आणि जाळ्या बुजवून टाकते. वाढवणला मोठे बंदर होणार, त्याची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, म्हणजे या किनाऱ्याला नीरमाच्या पाण्याचा विषय आता दूरचा राहिलेला नाही. छोट्या होड्यांना त्या कराराचे नियम लागू नाहीत. पण डहाणूच्या खाडीत भरलेले पाणी आतल्या एखाद्या धरणात नेऊन सोडू नये, एवढे घरगुती होडीवाल्यानेही पाळले पाहिजे.

होडी बांधणाऱ्या वाचकाला एक विनंती. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. जोड तपासायला हाच काळ योग्य. टाक्या जमिनीवर पूर्ण भराव्यात, प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवावा आणि रात्र जाऊ द्यावी. सकाळी जो कागद ओला असेल त्या जोडावर वरून काही थापू नये. तो उघडावा, माप पाहावे आणि नव्याने बसवावा.